श्वासाची वही : प्राणायामाच्या 90 दिवसांच्या नोंदी

4 जानेवारी (सुरुवातीच्या आदला दिवस)

तपासणीत रक्तदाब 138/88 निघाला, नाडी 84. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही. मीठ कमी करा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत या, एवढंच म्हणाले. झोपेचं विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं : अंथरुणाला पाठ टेकल्यापासून डोळा लागेपर्यंत तास-सव्वा तास जातो. काम मुद्रितशोधनाचं, दिवसाचे आठ-नऊ तास मान खाली आणि खांदे कानाला.

प्राणायाम करायचं ठरवलं आहे. याआधी तीनदा ठरवलं होतं आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत बारगळलं. म्हणून या वेळी वही घातली. पुढे कुणाला हेच करायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस तरी त्याचे वाचावेत.

मोजायचं काय : मिनिटाला श्वास किती, सकाळची नाडी, रक्तदाब, झोप लागायला गेलेला वेळ, आणि दिवसभरात किती वेळा चिडले. चिडण्याच्या रेघा वहीच्या समासात मारायच्या. हे शेवटचं ऐकून घरात सगळे हसले. समासात पहिली रेघ तिथेच पडली.

दिवस 1 : 5 जानेवारी

घड्याळ समोर ठेवून स्वतःचे श्वास मोजले. मिनिटाला 11. विश्रांतीत प्रौढ माणसाचे 12 ते 20 असतात, म्हणजे मी मुळातच योगिनी निघाले. खूश.

दिवस 2 : 6 जानेवारी

खुशी संपली. श्वास मोजायला बसलं की तो आपोआप लांबतो आणि शहाण्यासारखा वागायला लागतो. मुलाला सांगून ठेवलं की मी कामात असताना, मला न कळवता मोज. त्याने तीन वेळा मोजून सरासरी 19 सांगितली. वर म्हणाला, "आई, तू वाचताना मधेच श्वास घ्यायचंच विसरतेस. मग एकदम मोठा उसासा टाकतेस."

हे मला पन्नाशीला टेकेपर्यंत माहीत नव्हतं. कालचा 11 खोडला. यापुढे आकडा धरायचा तो चोरून मोजलेलाच.

दिवस 3 ते 6 : 7 ते 10 जानेवारी

पहिली घोडचूक. सगळे करतात म्हणून थेट कपालभातीने सुरुवात केली. मिनिटाला 60 झटके, मग 90, मग हट्टाने 120. तिसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटांची टोकं बधिर झाली आणि डोकं हलकं होऊन भिंतीला टेकून बसावं लागलं. मला वाटलं, 'प्राण' जागा झाला!

झालं होतं ते असं. कपालभातीत उच्छ्वास झटक्याने आणि श्वास आपसूक, बिनकष्टाचा यायला हवा. मी दोन्ही जोर लावून करत होते. असा श्वास गरजेपेक्षा जास्त आणि भराभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि मुंग्या-चक्कर येते. प्राणबिण काही नाही, नुसती धाप ओढवून घेतली होती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रक्तदाब वर असलेल्याने, हर्निया, काचबिंदू किंवा गरोदरपण असताना हे झटके मारायचेच नसतात. मी रक्तदाबासाठी प्राणायामाला बसले आणि नेमकी वर्ज्य क्रिया निवडली. शिवाय हठप्रदीपिकेत, म्हणजे हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, कपालभाती प्राणायामात धरलेलीच नाही. ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते. चार दिवस गेले. कपालभाती बंद, या 90 दिवसांपुरती तरी.

दिवस 7 : 11 जानेवारी

काकांना फोन केला. ते तीस वर्षं रोज बसतात, पण कुणाला शिकवायला जात नाहीत. मी काय काय केलं ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, आधी बसायला शीक. पाय काय म्हणतात तुझे?"

पाय दहाव्या मिनिटाला झोपतात हे मी सांगितलंच नव्हतं, तरी त्यांना कळलं. पतंजलींच्या प्राणायामाच्या सूत्राची सुरुवातच 'तस्मिन् सति' अशी आहे, म्हणजे 'ते साधल्यावर'. ते म्हणजे आसन. हे दोन शब्द सगळे वगळतात, मीही वगळले होते.

दिवस 8 ते 10 : 12 ते 14 जानेवारी

तीन दिवस नुसतं बसणं दुरुस्त केलं. जमिनीवर सपाट मांडी घातली की गुडघे वर राहतात, कंबर मागे झुकते, पोट दबतं आणि छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला खाली यायला जागाच उरत नाही. मग छाती वर उचलून श्वास घ्यावा लागतो. बुडाखाली घडी घातलेली जाड चादर ठेवली, चार बोटं उंचीची. गुडघे खाली आले, कंबर आपोआप उभी राहिली. एका चादरीने जे झालं ते आठवडाभराच्या दम लावण्याने झालं नव्हतं.

ज्यांना मांडी जमत नाही त्यांनी खुर्ची घ्यावी. पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ. यात कमीपणा काही नाही, मीही संध्याकाळी खुर्चीतच बसते.

दिवस 11 : 15 जानेवारी

रक्तदाबाच्या यंत्रावर पैसे वाया. मनगटावर बांधायचं घेतलं होतं, सोपं म्हणून. मांडीवर हात ठेवून मोजलं तर 149, छातीशी धरलं तर 136. हात हृदयाच्या पातळीच्या खाली गेला की आकडा वाढतो, दर 10 सेंटिमीटरला 7-8 ने. दहा दिवसांच्या सगळ्या नोंदी निरुपयोगी. दंडाला बांधायचं यंत्र आणलं.

आता पद्धत ठरवली : सकाळी, चहाच्या आधी, पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीवर. मिनिटाच्या अंतराने दोनदा, दोन्हींची सरासरी. आणि प्राणायामाच्या आधी. बैठक झाल्या झाल्या मोजलं तर आकडा छान येतो आणि आपण स्वतःलाच फसवतो.

नव्या पद्धतीने पहिल्या आठवड्याची सरासरी 137/87.

दिवस 12 ते 18 : 16 ते 22 जानेवारी

पोटाचा श्वास. उताणं झोपून, गुडघे दुमडून, एक हात छातीवर, एक पोटावर. पोटावरचा हात हलायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. दोन दिवस नेमकं उलटं. मग लक्षात आलं की मी पोटाचे स्नायू मुद्दाम फुगवत होते, श्वास छातीतच चालला होता. म्हणजे पोटाचं नाटक.

यावर उपाय योगायोगाने सापडला. पालथी झोपले, कपाळाखाली हात. अशा वेळी पोट पुढे जाऊ शकत नाही, तेव्हा फासळ्यांची खालची बाजू आणि कंबर रुंदावते. पडदा खाली उतरतो म्हणजे काय ते तिथे पहिल्यांदा अंगाला कळलं. त्यानंतर उताणं जमायला एक दिवस पुरला.

याचा उपयोग काय तेही लिहून ठेवते. नाकापासून फुप्फुसाच्या कोशापर्यंतच्या नळ्यांत जी हवा अडकून राहते, ती साधारण 150 मिलिलिटर. तिचा रक्ताला काही उपयोग नाही. मिनिटाला 12 श्वास 500 मिलिलिटरचे घेतले तर आत 6 लिटर जातात, त्यांतले 1.8 लिटर वाटेतच राहतात. 6 श्वास 1000 मिलिलिटरचे घेतले तरी 6 लिटरच, पण वाया फक्त 0.9. तेवढ्याच हवेत काम जास्त.

दिवस 19 : 23 जानेवारी

कामाच्या गडबडीत बुडलं.

दिवस 20 : 24 जानेवारी

आजही.

दिवस 21 ते 23 : 25 ते 27 जानेवारी

नाडीशोधन सुरू केलं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडून, अंगठ्याने उजवी नाकपुडी, अनामिकेने डावी. डावीने पूरक (श्वास घेणं), उजवीने रेचक (सोडणं), उजवीने पूरक, डावीने रेचक. हे एक आवर्तन. ऐकायला सोपं.

दोन चुका. नाकपुडी इतकी जोरात दाबत होते की नाकाचा मधला पडदाच सरकून दुसरी बाजूही चोंदत होती. बोट नुसतं मऊ भागावर टेकवायचं असतं. दुसरी चूक मानेची. हात वर धरून खांदा दमला की डोकं हाताकडे झुकायला लागतं, आणि मी आठ मिनिटांनी उजवीकडे कलंडलेल्या खांबासारखी दिसायची (हे निरीक्षण ह्यांचं). मान दोन दिवस धरली. आता डावा हात उजव्या कोपराखाली आधाराला घेते.

दिवस 24 : 28 जानेवारी

दुसरी घोडचूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

पूरक-कुंभक-रेचकाचं (घेणं, रोखणं, सोडणं) 1:4:2 हे प्रमाण परंपरेत प्रसिद्ध आहे. चार, सोळा, आठ. सोळा आकडे श्वास रोखायचा म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं. पहिलं आवर्तन ठीक. दुसऱ्यात घशाशी आवंढा आला. तिसऱ्यात रेचक आठपर्यंत टिकलाच नाही, हवा फस्सकन सुटली आणि पुढचा श्वास मी बुडणाऱ्या माणसासारखा ओढला. तरी पाच पुरी केली. हट्ट! दिवसभर कपाळ ठणकलं, समासात सात रेघा. झोप रात्री दोनला.

दिवस 25 : 29 जानेवारी

काकांना पुन्हा फोन. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त हठप्रदीपिकेतला श्लोक म्हटला : सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, 'अन्यथा हन्ति साधकम्'. मग विचारलं, "पुढचा श्वास ओढून घ्यावा लागला का?"

"हो."

"मग मागचा आकडा खोटा होता. रोखलास किती ते विचारू नकोस. सोडल्यानंतर पुढचा श्वास कसा आला ते बघ. हावरटासारखा आला की दोन आकडे कमी कर."

या सगळ्या वहीत एकच वाक्य ठेवायचं झालं तर मी हे ठेवीन. तोवर माझं सगळं लक्ष घेण्यावर होतं : खोल घे, भरून घे, धरून ठेव. पुस्तकी भाषेत सांगायचं तर पूरक आणि कुंभक. रेचक म्हणजे माझ्या लेखी उरलंसुरलं टाकून देणं. पतंजलींनी मन शांत करण्याच्या उपायांत 'प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य' असं म्हटलंय, त्यात पहिला शब्दच बाहेर सोडण्याचा आहे. तो शब्द मी किती वेळा वाचला असेन. धंद्याने मुद्रितशोधक, आणि नेमका तोच नजरेतून सुटला.

कुंभक बंद. नवं प्रमाण : चार आकडे घ्यायचा, सहा आकडे सोडायचा. रोखणं नाही.

दिवस 26 ते 33 : 30 जानेवारी ते 6 फेब्रुवारी

4:6 म्हणजे दहा सेकंदांचा श्वास, मिनिटाला सहा. सोपं वाटलं आणि सोपं निघालं, पण मोजण्याच्या साधनाने घात केला. मोबाइलवर घंटा वाजवणारं ॲप लावलं होतं. घंटा आता वाजेल, मग वाजेल, या धास्तीनेच छाती आवळायची. रेचक संपत आला की कान टवकारलेले. तीन दिवस सोसलं, मग काढून टाकलं.

त्यानंतर नाडीच्या ठोक्यांवर मोजून पाहिलं. कल्पना झकास, पण श्वास मंदावला की नाडीही मंदावते, म्हणजे मोजपट्टीच ताणली जाते. जुन्या ग्रंथांत गुडघ्याभोवती हात फिरवून एक चुटकी वाजवायची, ती एक मात्रा, असं माप दिलंय. ते करून पाहिलं, मुलगा दारातून बघून निघून गेला. शेवटी मनात एक-दोन-तीन म्हणणंच बरं पडलं. घड्याळाशी ताडून पाहिलं तर आकडा सेकंदापेक्षा थोडा लांब पडतो. पडू दे.

दिवस 34 : 7 फेब्रुवारी

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात होतंच. आज ते लावून बसले. बैठकीआधी ऑक्सिजन 97. वीस मिनिटांनंतर 97. मधे एकदा 98 झाला आणि लगेच परतला.

म्हणजे 'प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो' हे जे आपण जाता-येता ऐकतो, ते निरोगी माणसापुरतं तरी खरं नाही. रक्त आधीच 95 ते 100 टक्के भरलेलं असतं, त्यात आणखी ओतायला जागा कुठे? थोडी निराश झाले.

पण त्याच यंत्राने दुसरं काही दाखवलं. श्वास घेताना नाडी 66 वरून चढत 77 ला जायची, सोडताना पुन्हा उतरायची. यंत्र काही सेकंदांची सरासरी दाखवतं म्हणून थोडं मागे राहतं, पण झोका स्पष्ट. एरवीच्या भराभर श्वासात हा झोका जेमतेम तीन-चारचा. सोडताना व्हेगस मज्जातंतूचा लगाम हृदयावर घट्ट होतो, घेताना सैल पडतो, आणि मिनिटाला सहाच्या आसपास रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा आणि श्वास एका ठेक्यात येतात. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो की 'ॐ मणिपद्मे हूँ', दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्याच जवळ येत होता. स्तोत्रं म्हणणाऱ्या आपल्या आज्यांकडे न घड्याळ होतं न ॲप.

लोणावळ्याला 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं ते योगक्रिया यंत्रांनी तपासून बघायला. शंभर वर्षांनी मी तेच बोटाला चिमटा लावून करतेय. आजचा दिवस मजेत गेला.

दिवस 35 ते 40 : 8 ते 13 फेब्रुवारी

रोज सकाळी वीस मिनिटं, रात्री दहा. चोरून मोजलेले श्वास 16. रक्तदाब सरासरी 135/86, म्हणजे हललाच नाही म्हणा. झोप मात्र 50 मिनिटांवर.

रात्रीची बैठक जेवणानंतर लगेच करून पाहिली. पोट भरलेलं असताना पडदा खाली कुठे जाणार? करपट ढेकर येत राहिले. जेवणानंतर निदान तीन तास सोडायचे. ते जमत नसेल तर जेवणाआधी.

दिवस 41 : 14 फेब्रुवारी

सर्दी. दोन्ही नाकपुड्या बंद.

दिवस 42 ते 47 : 15 ते 20 फेब्रुवारी

चोंदलेल्या नाकाने नाडीशोधन रेटलं, कान दडपले. थांबवलं. जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, करायला गेले तर घाईत मीठ न घालता नुसतं कोमट पाणी घेतलं. नाकातून मेंदूपर्यंत आग! अर्ध्या लिटरला साधारण साडेचार ग्रॅम मीठ लागतं, मग पाणी अश्रूंइतकंच खारट होतं आणि काहीच जाणवत नाही. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्यायचं, नळाचं थेट नाही. नंतर पुढे वाकून नाक नीट कोरडं करायचं.

सर्दीतून एक शिकले. एका कुशीवर झोपलं की वरची नाकपुडी थोड्या वेळाने मोकळी होते. साध्या दिवसांतही दर काही तासांनी नाकाची एक बाजू आपोआप मिटते आणि दुसरी उघडते, हे नाकाचं रोजचं चक्र आहे. 1895 मध्ये कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. इकडे स्वरशास्त्रवाल्यांनी त्याला इडा-पिंगला (डावी आणि उजवी बाजू) म्हटलं, आणि साधू काखेत योगदंड नावाची काठी धरून बसतात ती ही बाजू बदलायलाच. काखेत जाड पुस्तक दाबून पाहिलं, काही मिनिटांत फरक पडला. ज्यांना एक बाजू कायमची बंद वाटते त्यांनी मात्र नाक तपासून घ्यावं, बोटांशी झगडू नये.

नाकाने काही करता येत नव्हतं, तेव्हा बसून नुसता उच्छ्वास लांब केला. सहा दिवसांतले चार दिवस भरले.

दिवस 48 ते 55 : 21 ते 28 फेब्रुवारी

भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा. पहिल्या रात्री मुलगा खोलीतून ओरडला, "फ्रिज बिघडलाय की तू आहेस?"

घशातून आवाज काढत होते, म्हणून तो फ्रिजसारखा येत होता आणि घसा खवखवत होता. ओठ मिटलेले, दात किंचित विलग, जीभ सैल, आणि स्वर जितका हळू तितका बरा. मग कंप वरच्या ओठावर आणि नाकाच्या मुळाशी जाणवतो. गुणगुणताना नाकातल्या पोकळ्यांमधून नायट्रिक ऑक्साइड नुसत्या श्वासापेक्षा जवळपास पंधरापट बाहेर येतो, हे 2002 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजलं आहे. त्याने माझ्या उरल्यासुरल्या सर्दीला काही झालं का ते मला सांगता येणार नाही. मला भ्रामरी आवडते ती निराळ्या कारणाने : आवाज काढायचा तर उच्छ्वास लांबवावाच लागतो, आणि मोजत बसावं लागत नाही. घाई केली की आवाज फाटतो. म्हणजे लबाडी लगेच ऐकू येते.

झोपेआधी सात आवर्तनं. झोप 35-40 मिनिटांवर आली. आतापर्यंतचा सगळ्यात ठळक फरक हाच.

दिवस 58 : 3 मार्च

चारशे पानांचं काम शेवटच्या क्षणी परत आलं, जुन्याच प्रतीवर दुरुस्त्या केल्या होत्या म्हणून. चूक पाठवणाऱ्याची, शिव्या मला. फोन ठेवल्यावर छाती धडधडत होती. उभ्या उभ्या सहा लांब उच्छ्वास सोडले. राग गेला नाही. उलट फोन करून जे बोलणार होते ते मात्र बोलले नाही. एक रेघ मारली, अर्धी खोडली.

दिवस 62 : 7 मार्च

हे लिहू की नको असं झालं, पण वही त्यासाठीच आहे. सकाळी बैठकीत दहाव्या मिनिटाला एकाएकी भीती वाटली. कारण काही नाही. श्वास नीट येत नाहीये, असंच वाटत राहिलं. जितकं श्वासाकडे बघावं तितका तो अडत होता. डोळे भरून आले. उठले.

दिवस 63 ते 66 : 8 ते 11 मार्च

काका म्हणाले, होतं असं काहींना, त्यात लढाई करू नकोस. डोळे उघडे ठेव, समोरच्या भिंतीकडे बघ, लक्ष तळपायांवर ने, श्वासाला त्याच्या मनासारखं चालू दे. चार दिवस पाचच मिनिटं बसले, मोजणं पूर्ण बंद. भीती परत आली नाही. पण ज्यांना आधीपासून घाबरण्याचे झटके येतात त्यांनी एकट्याने, वहीवरून, माझ्यासारखं करू नये. समोर जाणकार माणूस असावा. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांशीही आधी बोलावं.

मागच्या पानांवर गेले तेव्हा कळलं की दिवस 56 पासून मी चुपचाप 5:10 वर गेले होते. 'प्रगती' म्हणून. पुढचा श्वास हावरट येत होता हे दिवस 60 च्या नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आणि तरी आकडा कमी केला नव्हता. परत 4:6.

दिवस 67 ते 80 : 12 ते 25 मार्च

सांगण्यासारखं काही नाही. रोज बसले, दोन दिवस सोडून. सकाळी नाडीशोधन बारा मिनिटं, मग पाच मिनिटं गप्प. रात्री भ्रामरी. उन्हाने तापून आले त्या दिवशी शीतली करायला गेले, पण तीत जिभेची नळी करून श्वास आत घ्यायचा असतो आणि ती माझ्याच्याने होत नाही, म्हणून सीत्कारी केली, दातांमधून. तोंड गार वाटतं खरं, तहान भागत नाही.

एक बारीकशी गोष्ट : काम करताना मधे श्वास धरला जातो तेव्हा आता माझं मलाच कळतं. अवघड जोडाक्षरांच्या ओळीवर हमखास. धरणं थांबलेलं नाही, कळतं एवढंच. कळलं की सोडते.

दिवस 90 : 4 एप्रिल

आकडे. चोरून मोजलेले श्वास 13. सकाळची नाडी 74. शेवटच्या आठवड्याचा रक्तदाब 130/83. झोप लागायला साधारण 30 मिनिटं. समासातल्या रेघा पहिल्या आठवड्यात 31, शेवटच्यात 17, पण शेवटच्या आठवड्यात काम कमी होतं, त्यामुळे त्या आकड्यावर माझाच भरवसा नाही.

रक्तदाबाचं श्रेय कुणाचं हेही सांगता येत नाही. त्याच तीन महिन्यांत मीठ कमी केलं, रोज अर्धा तास चालले. झोपेचं श्रेय मात्र मी रेचकाला देते, कारण भ्रामरी चुकली त्या सहा रात्रींपैकी पाच रात्री पुन्हा तासाभराच्या होत्या.

हिशोब : 90 दिवसांपैकी बैठक झालेले 79. त्यांतले चुकीच्या क्रियेत, चुकीच्या प्रमाणात किंवा चुकीच्या घाईत गेलेले निदान वीस. एक मनगटी यंत्र फुकट. चादर, वही आणि काकांचे चार फोन एवढ्यावर बाकीचं भागलं.

डॉक्टरांनी वही चाळली. कपालभातीच्या पानावर भुवया उंचावल्या, रक्तदाबाच्या पानावर "मोजायची पद्धत बरोबर आहे" म्हणाले. गोळी अजून नाही. सहा महिन्यांनी परत बोलावलंय. चालणं थांबवू नका, असं दोनदा बजावलं.

दिवस 93 : 7 एप्रिल

काकांना विचारलं, आता कुंभक सुरू करू का. "पुढच्या वर्षी विचार," म्हणाले.

दिवस 97 : 11 एप्रिल

हे म्हणाले, "उद्यापासून मीही बसतो तुझ्याबरोबर. पहिल्या दिवशी काय करायचं?"

काही नाही, वर्तमानपत्र वाचा म्हटलं. ते वाचायला लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून घड्याळ लावलं. 17. वहीत नवं पान काढून लिहून ठेवलं, त्यांना अजून सांगितलेलं नाही.